गंज रोखणारा गंज

खंडेनवमीला घरातील शस्त्रे बाहेर काढून त्यांची पूजा करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. परवानाधारकाच्या घरातील बंदूक किंवा रिव्हॉल्व्हरही त्या दिवशी चौरंगावर मांडले जाते. मृगापासून कपाटात बंद असलेले शस्त्र चार महिन्यांनी उजेडात येते आणि नळीवर तांबूस ठिपके उमटलेले दिसतात. मग घरात असेल ते हाताशी घेतले जाते. चिंच, लिंबू, भांडी घासण्याची पावडर, नाहीतर सुताराकडचा पॉलिश पेपर. अर्ध्या तासात नळी आरशासारखी चकाकू लागते आणि काम फत्ते झाल्याचे समाधान मिळते.

प्रत्यक्षात शस्त्राचे खरे नुकसान बऱ्याचदा त्या अर्ध्या तासातच झालेले असते. नळीवरचा निळसर काळा रंग हा शोभेचा रंग नव्हे. तो पोलादाचा संरक्षक थर आहे. तो निघून गेला की उघडे पोलाद पुढच्या पावसाळ्यात पूर्वीपेक्षा किती तरी वेगाने गंजते. शिवाय घासण्याच्या भरात नळीवरील क्रमांक पुसट झाला, तर प्रश्न निगेचा न राहता कायद्याचा होतो. म्हणूनच हा थर काय असतो, तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे प्रत्येक परवानाधारकाने समजून घेणे आवश्यक आहे.

गंज लागतो कसा?

लोखंड, प्राणवायू आणि पाणी हे तिन्ही एकत्र आले की गंज तयार होतो. त्यासाठी शस्त्र पावसात भिजायलाच हवे असे नाही. हवेतील बाष्प पुरेसे असते. ब्रिटिश शास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले, की सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या आत असेपर्यंत लोखंड फार सावकाश गंजते. त्यापुढे मात्र गंजण्याचा वेग एकदम वाढतो. मुंबई आणि कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. याचा अर्थ असा, की पावसाळ्याचे चार महिने कपाटातील शस्त्र धोक्याच्या रेषेपलीकडेच असते.

त्यात मिठाची भर पडली की संकट दुणावते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाला पाणी सुटते, हा सर्वांचा अनुभव आहे. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतील बाष्प ओढून घेते आणि त्यातच विरघळते. हाताच्या घामात हेच मीठ असते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातही ते असते. शस्त्र हाताळून न पुसता ठेवले, तर बोटांच्या ठशांच्या जागी मिठाच्या पाण्याचा सूक्ष्म थर तयार होतो आणि काही दिवसांत नेमका बोटांच्या आकाराचा गंज उमटतो.

लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, हा त्याचा सर्वांत मोठा दुर्गुण. ॲल्युमिनियमवर हवेमुळे तयार होणारा थर घट्ट बसतो आणि आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, फुगतो आणि त्याच्या पापुद्र्यांतून पाणी पुन्हा आत शिरते. त्यामुळे वर ठिपका दिसतो तेव्हा खाली खड्डा पडू लागलेला असतो. असा खड्डा नळीच्या आत पडला, तर बाराच्या वेळी निर्माण होणारा प्रचंड दाब सोसण्याची नळीची ताकद कमी होते. गंजाकडे केवळ सौंदर्याचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही ते यासाठीच.

निळसर काळ्या थराचे रहस्य

बंदुकीच्या नळीवरील निळसर काळ्या थराला कारागीर ‘ब्ल्यूइंग’ म्हणतात. रसायनशास्त्राच्या भाषेत हा मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा थर. नवल असे, की पोलादाचे गंजापासून रक्षण करणारा हा थर पारंपरिक पद्धतीत गंजापासूनच तयार केला जातो.

या जुन्या पद्धतीत नळी प्रथम तेलकटपणा काढून पूर्ण स्वच्छ करतात. नंतर तिच्यावर सौम्य आम्लयुक्त द्रावण लावून दमट जागी ठेवतात आणि बारीक, एकसारखा तांबडा गंज मुद्दाम येऊ देतात. मग ती नळी उकळत्या पाण्यात बुडवतात. तेथे तांबड्या गंजाचे रूपांतर काळ्या मॅग्नेटाइटमध्ये होते. वरची सैल पूड तारेच्या मऊ ब्रशने झटकली की खाली चिकटून राहिलेला पातळ काळा थर दिसतो. हीच क्रिया अनेक वेळा केल्यावर खोल निळसर काळी झाक येते. पाण्यात उकळण्याची पायरी गाळून गंज तांबूस अवस्थेतच थांबवला, तर तपकिरी नळी मिळते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील अनेक बंदुकांच्या नळ्या अशा तपकिरी आहेत.

कारखान्यांत आता बहुधा दुसरी पद्धत वापरली जाते. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांचे तीव्र द्रावण सुमारे १४० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यात सुटे भाग बुडवले जातात. काम लवकर होते. पण ते घरी करण्याजोगे मुळीच नाही. या द्रावणाचा शिंतोडा कातडी आणि डोळे जाळू शकतो. जुन्या दुनळी बंदुकीच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. तिच्या दोन नळ्या सोल्डरने जोडलेल्या असतील, तर हे तापलेले क्षार तो जोडच खाऊन टाकतात. अशा बंदुकीला उकळत्या पाण्याची जुनी पद्धतच मानवते.

मात्र दोन्ही पद्धतींनी तयार होणारा थर जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका असतो. माणसाचा केसही त्याच्या कित्येक पट जाड असतो. एवढा पातळ थर पाणी पूर्णपणे अडवू शकत नाही. त्याचे खरे काम तेल धरून ठेवण्याचे आहे. गुळगुळीत उघड्या पोलादावरून तेल ओघळून जाते. या थराच्या सूक्ष्म छिद्रांत ते टिकून राहते. म्हणजे संरक्षण करते ते तेल, आणि थर त्या तेलाला आसरा देतो. तेल न लावलेले ब्ल्यूइंग पावसाळ्यात फार काळ तग धरत नाही, हे ज्याला उमगले त्याला शस्त्राच्या निगेचे अर्धे मर्म कळले.

दिल्लीचा स्तंभ आणि फॉस्फेट

लोखंडाला गंजापासून वाचवणारा आणखी एक मार्ग फॉस्फरसचा आहे. दिल्लीतील कुतुबमिनारच्या आवारातील लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. कानपूर येथील आयआयटीचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी केलेल्या अभ्यासात या टिकाऊपणाचे श्रेय त्या लोखंडातील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणाला आणि त्यामुळे पृष्ठभागावर तयार झालेल्या फॉस्फेटयुक्त थराला देण्यात आले.

शस्त्रनिर्मितीत फॉस्फेटचा वापर विसाव्या शतकात सुरू झाला. १९१५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या पार्कर रस्ट-प्रूफ कंपनीने ही प्रक्रिया कारखानदारीत रूढ केली, म्हणून तिला ‘पार्करायझिंग’ हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या रायफलींवर हाच करडा, खरखरीत थर होता. तो ब्ल्यूइंगपेक्षा जाड असतो, चकाकत नाही आणि स्पंजासारखे तेल शोषून घेतो. येथेही तत्त्व तेच: थर आसरा देतो, रक्षण तेल करते.

पुढे स्टेनलेस स्टील आले. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने १९६५ मध्ये ‘मॉडेल ६०’ हे स्टेनलेस स्टीलचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून सादर केलेल्या ‘निर्भीक’ या रिव्हॉल्व्हरमध्ये टायटॅनियमच्या मिश्रधातूचा वापर करण्यात आला. तथापि, स्टेनलेस स्टील म्हणजे कधीही न गंजणारे पोलाद, हा समज चुकीचा आहे. त्यातील क्रोमियममुळे ते फार सावकाश गंजते, इतकेच. घाम आणि खारी हवा साचून राहिली, तर त्यालाही बारीक छिद्रे पडतात.

आतील गंज: दारूचे क्षार

बाहेरचा ठिपका डोळ्यांना दिसतो. नळीतील गंज दिसत नाही. कोकणात रानडुकरे आणि वानर यांच्यापासून पिके वाचवण्यासाठी शेतीसंरक्षणाचे परवाने दिले जातात आणि त्यांत ठासणीच्या बंदुकाही असतात. या बंदुकांत काळी दारू वापरली जाते. सोरा, कोळसा आणि गंधक यांपासून बनलेली ही दारू जळाल्यावर मागे क्षारांचा जाड थर राहतो. हे क्षार हवेतील ओल शोषतात. बार काढल्यावर बंदूक तशीच खुंटीला टांगली, तर दमट हवेत एका रात्रीतही नळी आतून गंजू लागते.

अशा नळीच्या सफाईला नुसते तेल चालत नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाहीत. ते पाण्यात विरघळतात. त्यामुळे प्रथम गरम साबणाच्या पाण्याने नळी धुणे, मग स्वच्छ गरम पाणी ओतणे, कोरड्या फडक्याने पुसून ती पूर्ण वाळू देणे आणि शेवटी तेल लावणे, हाच क्रम योग्य. गंज टाळण्यासाठी पाणी वापरायचे, हे विचित्र वाटले तरी त्यामागे साधे रसायनशास्त्र आहे.

जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतही असाच शत्रू दडलेला असे. तिच्यातील पोटॅशियम क्लोरेट जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड नळीत साचत असे, आणि तो मिठाचाच भाऊ. ब्रिटिश सैन्यातील शिपाई गोळीबारानंतर .३०३ रायफलीच्या नळीत उकळते पाणी ओतत, ते याच कारणाने. क्षार न सोडणारी टोपी जर्मनीत १९२८ च्या सुमारास तयार झाली आणि आजची बहुतेक काडतुसे त्याच प्रकारची आहेत. जुना साठा वापरला जात असेल, तर मात्र पाण्याची सफाई चुकवून चालत नाही.

व्हिएतनामचा धडा

नळीतील गंजाची किंमत किती मोठी असू शकते, हे व्हिएतनामच्या युद्धात दिसले. अमेरिकेने १९६० च्या दशकाच्या मध्याला आपल्या सैनिकांच्या हाती एम-१६ ही नवी रायफल दिली. तिला फारशी सफाई लागत नाही, असा समज पसरला होता आणि सफाईची साधनेही पुरेशी पोहोचली नव्हती. त्यातच काडतुसांतील दारूचा प्रकार बदलण्यात आला. रायफलीच्या ज्या भागात काडतूस बसते, त्या कोठीला क्रोमचा मुलामा नव्हता. दमट जंगलात तो भाग गंजून खड्ड्यांनी भरू लागला. बार उडाल्यावर रिकामे काडतूस त्यात अडकून बसे आणि ऐन चकमकीत रायफल निकामी होई. बंद पडलेली रायफल हातात घेऊन सैनिक मारले गेले.

१९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने याची चौकशी केली. त्याच वर्षी कोठीला क्रोमचा मुलामा देण्यास सुरुवात झाली. विशेष म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जपानी रायफलींत आणि सोव्हिएत एके-४७ मध्ये नळीला क्रोमचा मुलामा देण्याची युक्ती आधीच वापरली गेली होती. सुधारणा एवढ्यावरच थांबली नाही. १९६८ मध्ये विख्यात चित्रकथाकार विल आयस्नर यांच्याकडून रायफलीच्या निगेवर एक सचित्र पुस्तिका तयार करवून घेऊन ती सैनिकांत वाटण्यात आली. मुलामा आणि माणसाची सवय, दोन्ही सुधारल्यावरच प्रश्न आटोक्यात आला.

कोणते तेल वापरावे?

ब्रिटिश अमदानीत सैन्यातील रायफलींना ‘रंगून तेल’ लावले जाई. ब्रह्मदेशातील खनिज तेलापासून ते तयार होत असे. खनिज तेल वापरण्यामागे कारण होते. खोबरेल, तीळ किंवा मोहरीचे तेल सहज मिळते; परंतु वनस्पतिजन्य तेले हवेत हळूहळू खवट होतात, त्यांत आम्ले तयार होतात आणि काही तेले चिकट होऊन चाप, घोडा यांसारख्या हलत्या भागांना जखडून ठेवतात. शस्त्रांसाठी मिळणारे तेल उत्तम. ते नसेल तर शिलाई मशीनचे हलके खनिज तेल खोबरेलापेक्षा केव्हाही बरे.

‘डब्ल्यूडी-४०’ हा फवारा अनेकांच्या घरी असतो. १९५३ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या या द्रवाच्या नावाचा अर्थच ‘पाणी हटवणारा, चाळिसावा प्रयोग’ असा आहे. भिजलेल्या शस्त्रावरील पाणी हटवण्यास तो उपयोगी पडतो. मात्र त्यातील बराच भाग उडून जातो आणि मागे राहणारा थर पातळ असतो. त्यामुळे त्यानंतर तेल लावणे आवश्यकच राहते.

तेल किती लावावे, यालाही मर्यादा आहे. पुसल्यावर बोटाला किंचित ओशटपणा जाणवेल इतका थर पुरे. अधिक तेल ओघळून लाकडी दस्त्यात मुरते आणि लाकूड मऊ पडते. दीर्घकाळ ठेवायचे असल्यास नळीच्या आत दाट वंगण लावता येते; परंतु वापरण्यापूर्वी ते संपूर्ण पुसून काढलेच पाहिजे. नळीत अडथळा राहिला तर दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो.

पावसाळ्यातील निगा

कोणत्याही सफाईचा पहिला नियम सुरक्षिततेचा आहे. शस्त्र रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटांनी करावी, नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवूनच फडके हाती घ्यावे. ‘रिकामे आहे’ असे गृहीत धरल्यामुळे झालेल्या अपघातांच्या बातम्या सातत्याने येत असतात.

पावसाळ्यात दर पंधरवड्याला शस्त्र बाहेर काढून कोरड्या सुती फडक्याने पुसावे आणि तेलाचा नवा हात द्यावा. लाकूड आणि धातू जेथे एकमेकांना भिडतात, त्या फटींत ओल सर्वाधिक साचते. तेथे विशेष लक्ष द्यावे. चामडी म्यान, लोकरीच्या अस्तराचे कव्हर किंवा फोमची पेटी ही ने-आण करण्यासाठी ठीक आहे, कायम ठेवण्यासाठी नाही. चामडे कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ले त्यात शिल्लक असतात, शिवाय या सर्व वस्तू ओल धरून ठेवतात.

कुलूपबंद कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात. हे खडे ओल शोषून भरले, की त्यांचा उपयोग संपतो. रंग बदलणारे खडे घेतल्यास ते केव्हा भरले हे कळते आणि उत्पादकाच्या सूचनेनुसार तापवून ते पुन्हा वापरता येतात. शहरी घरांत आणखी एक गोष्ट घडते. वातानुकूलित खोलीतील थंड शस्त्र बाहेरच्या दमट हवेत आणले, की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखे त्यावर दव जमते. ते तसेच कव्हरमध्ये घातले, तर गंजाला मोकळे रान मिळते. शस्त्र खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, पुसावे आणि मगच बंद करावे.

निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार काही परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते आणि ते कित्येक आठवडे तेथे राहते. जमा करण्यापूर्वी शस्त्र आतून-बाहेरून स्वच्छ करून तेलाचा जरा जाड हात द्यावा. परत मिळाल्यावर नळी आतून तपासल्याशिवाय ते वापरू नये.

गंज दिसलाच तर

नुकताच आलेला वरवरचा ठिपका असेल, तर त्यावर तेल टाकून काही तास मुरू द्यावे आणि सर्वांत बारीक प्रतीच्या स्टील वूलने, तेलासह, अगदी हलक्या हाताने चोळावे. बहुतेक वेळा ठिपका निघतो आणि थर वाचतो. बाजारातील गंज काढणारी आम्लयुक्त द्रावणे वापरू नयेत. मॅग्नेटाइट हाही लोखंडाचा ऑक्साइडच असल्यामुळे आम्ल गंज आणि ब्ल्यूइंग यांत भेद करत नाही. दोन्ही धुऊन नेते. चिंच-लिंबाचे दुखणे हेच आहे.

ठिपक्याखाली खड्डा लागत असेल किंवा नळीच्या आत गंज दिसत असेल, तर घरचे उपाय थांबवून शस्त्र परवानाधारक कारागिराकडे न्यावे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो. ओळखीच्या लोहाराकडे किंवा प्लेटिंगच्या दुकानात बंदूक देणे त्यात बसत नाही. मालक स्वतः जाऊ शकत नसेल, तर त्याचे लेखी अधिकारपत्र घेतलेल्या व्यक्तीमार्फत शस्त्र दुरुस्तीसाठी नेण्याची मुभा कलम ३ मध्ये आहे.

कलम ८ तर प्रत्येक मालकाने ध्यानात ठेवावे असे आहे. शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणे, काढणे वा बदलणे यास हे कलम मनाई करते. अशी खूण पुसलेले शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती पुसली, असे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. पॉलिश पेपरने किंवा बफिंगच्या चाकाने केलेली हौशी चमक येथे महागात पडू शकते. क्रमांकाच्या जागी गंज असेल, तर तेथे फक्त तेल लावावे आणि पुढचे काम परवानाधारक कारागिरावर सोपवावे.

वाडवडिलांकडून आलेल्या जुन्या शस्त्रांना तर घासूच नये. त्यांवरील नक्षी, कारागिराची मोहोर आणि काळाने आलेली झाक हाच त्यांचा इतिहास असतो. वस्तुसंग्रहालयांत अशा वस्तूंवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर देऊन हवा आणि ओल रोखली जाते. तेलासारखी त्यावर धूळ चिकटत नाही.

खंडेनवमीच्या पूजेतही थोडी दक्षता पुरेशी आहे. हळद-कुंकू, ओल्या अक्षता आणि झेंडूची ताजी फुले थेट धातूवर ठेवल्यास त्यांतील ओल काही तासांतच डाग पाडू शकते. पूजेआधी शस्त्राला तेलाचा हात द्यावा, गंध-फुले खाली अंथरलेल्या वस्त्रावर वाहावीत आणि त्याच संध्याकाळी शस्त्र पुसून पुन्हा तेल लावूनच कपाटात ठेवावे.